फॉर्म २१ हातात पडल्याशिवाय लष्करी ट्रकचे पैसे देऊ नका

जुना लष्करी ट्रक घेऊन पुन्हा उभा करायचा तुमचा बेत असेल, आणि विकणारा ‘कागद क्लिअर आहेत, पासिंग माझ्याकडे लागलं’ असं सांगत असेल, तर टोकन देण्याआधी हे वाचा. फॉर्म २१ म्हणजे लष्करी गाडी विकल्याचं अधिकाऱ्यांनी दिलेलं मूळ प्रमाणपत्र. माझे आणि माझ्या धाकट्या भावाचे मिळून ३ लाख ८५ हजार रुपये यात गेले आहेत. ट्रक आमच्या जागेत उभा आहे, पण तो कायद्याने रस्त्यावर येऊच शकत नाही. याच माणसाकडून फसलेला आणखी एक जण मला भेटलाय, आणि तो शेवटचा नसणार याची मला खात्री आहे.

गाडी निसान वन टन. लष्करासाठी जबलपूरला निसानच्या परवान्यावर बनायची ती. जोंगा ही लष्करी जीप बहुतेकांना माहीत असते, ही तिची थोरली बहीण. दोघींना इंजिन एकच, सहा सिलिंडरचं ३९५६ सीसी पेट्रोल. आमचे अण्णा मराठा लाइट इन्फंट्रीत एमटीत, म्हणजे मोटार ट्रान्सपोर्टमध्ये होते आणि नोकरीतली बरीच वर्षं त्यांनी वन टनच चालवली. त्यांच्या हयातीत ती गाडी दारात उभी करायची, एवढीच आम्हा भावांची इच्छा. विकणाऱ्याला हे पहिल्याच फोनवर कळलं आणि पुढची सगळी बोलणी त्याने त्याच धाग्यावर नेली. ‘साहेब, मुंबईची पार्टी कॅश घेऊन बसलीय, पण फौजीच्या घरी जातेय म्हणून तुम्हाला देतो.’ धोनीकडच्या जोंग्याचे फोटो मोबाईलवर दाखवले. आणि घाईचं कारणही तयार होतं: २०२५च्या फेब्रुवारीत पिंपरी-चिंचवडच्या चिखली-कुदळवाडीत महापालिकेची पाडापाडीची कारवाई झाली, तिथली जागा गेली, आता चाकणच्या बाजूला भाड्याच्या प्लॉटवर माल ठेवलाय, मालक रोज तगादा लावतोय, आठवड्याभरात उचला. कुदळवाडीची कारवाई खरीच झाली होती, त्यामुळे बाकीचंही खरं वाटतं. या लोकांची हीच पद्धत आहे. चार खऱ्या गोष्टींत एक खोटी बसवतात.

बंपरवर ताज्या पांढऱ्या रंगात लष्करी नंबर घातलेला होता. असे नंबर वर टोक असलेल्या बाणाने सुरू होतात आणि बाणापुढचे दोन आकडे वर्षाचे असतात. इथे ७१ होतं. ‘एकाहत्तरच्या लढाईतली गाडी आहे, पन्नास वर्षं उलटली, व्हिंटेजमध्ये पासिंग होतं,’ असं त्याने ठासून सांगितलं. इंजिनही चालू करून दाखवलं. बॉनेटला पेट्रोलची बाटली टांगली, नळी थेट कार्बोरेटरला दिली, बाहेरून बॅटरी जोडली आणि इंजिन धडधडून सुरू झालं. मिनिटभरात बंद केलं. रेडिएटरला पाणी नाही म्हणे, जास्त चालवणं बरं नाही.

व्यवहार असा झाला: गाडीचे २ लाख ९० हजार, ‘आरटीओ खर्च’ म्हणून ६० हजार, क्रेन आणि ट्रेलरचे ३५ हजार. टोकन यूपीआयने घेतलं ते तिसऱ्याच नावाच्या खात्यावर, उरलेली रक्कम रोख. पावती दिली तिच्यावर लिहिलं होतं ‘जुने लोखंड विक्री’. विचारलं तर म्हणाला, सगळेच असं करतात, जीएसटीचा घोळ नको. त्या पावतीतले ते तीन शब्द नीट वाचा. आज तो पोलिसांसमोर तेच सांगतो की मी यांना लोखंड विकलं, गाडी नाही.

अंगावरच्या गंजाबद्दल माझी तक्रार नाही. गंज असणार हे धरूनच माणूस अशी गाडी घेतो. पत्रा कापून नवा घालता येतो, स्प्रिंगचे पाटे पुन्हा भरून घेता येतात, पुण्यात त्यासाठी चांगले कारागीर आहेत. फसवणूक होती ती गंज लपवण्यात आणि आतला माल काढून घेण्यात. आमच्या फिटरने चासीला खालून फासलेलं जाड काळं डांबर खरवडलं, तर मागच्या बाजूला चासीच्या पट्टीवर नुसता पातळ पत्रा वेल्डिंगच्या टाक्यांवर धरलेला आणि भेगांत पुटी भरलेली. स्क्रूड्रायव्हर टेकवून जोर दिला तर आरपार गेला. इंजिन ब्लॉकच्या बाजूला चीर होती, ती एमसीलने बुजवून वरून रंग मारलेला. पाणी का भरलं नव्हतं ते तेव्हा कळलं.

मग फिटरने पुढच्या चाकाच्या हबवरचं झाकण खोललं. ते बोल्टांनी बसवलेलं असतं, आणि निघालं की आत शाफ्टचं दातेवालं टोक दिसायला हवं, तेच पुढचं चाक फिरवतं. आत काठोकाठ ग्रीस भरलेलं. फिटरने बोट घातलं, ग्रीस बाहेर काढलं, बॅटरी मारली. पोकळ. शाफ्टच नाही. दुसऱ्या बाजूलाही तेच. फोर व्हील ड्राइव्हचा सगळ्यात महाग आणि आता सहसा न मिळणारा माल काढून विकलेला होता, आणि रिकामी जागा कुणाच्या लक्षात येऊ नये म्हणून ग्रीस ठासलेलं. मुद्दाम केलेलं काम होतं ते. अशी गाडी पाहायला जाल तेव्हा बोल्ट खोलून पुढचं हब उघडायला सांगा. जो खोलू देणार नाही त्याच्याकडून घेऊ नका.

हे सगळंही पैसे ओतून दुरुस्त झालं असतं. खरा घात कागदात होता.

कायदा असा आहे. लष्कराच्या गाड्यांची नोंदणी मोटार वाहन कायदा १९८८च्या कलम ६० खाली वेगळी होते, आरटीओत नाही. गाडी केंद्र सरकारच्या मालकीची किंवा ताब्यातली राहिली नाही की तिला सर्वसाधारण कलमं ३९ आणि ४० लागू होतात, म्हणजे नव्या मालकाने आरटीओत नोंदणी केल्याशिवाय ती रस्त्यावर आणता येत नाही. त्या अर्जासोबत, म्हणजे फॉर्म २० बरोबर, लष्करी गाडीसाठी संबंधित अधिकाऱ्यांनी दिलेलं मूळ विक्री प्रमाणपत्र लागतं. तोच फॉर्म २१. मूळ, झेरॉक्स नाही. ‘लिलावाचा कागद आहे की’ या उत्तरावर समाधान मानू नका. एमएसटीसी या सरकारी कंपनीच्या ई-लिलावात सरकारी भंगारही विकलं जातं, आणि भंगार म्हणून विकलेल्या मालाचा कागद म्हणजे गाडीची नोंदणी नव्हे.

आमच्या हातातला कागद लिलावातल्या एका लॉटचा होता. त्यात बऱ्याच गाड्या एकत्र, वर्णन भंगार, घेणारी कुठलीतरी तिसरीच पेढी. विकणाऱ्याचं नाव त्यावर कुठेच नाही. फॉर्म २१ ‘डेपोतून निघायचाय’ असं तो आजतागायत सांगतोय.

व्हिंटेजचं आश्वासनही पोकळ निघालं. २०२१च्या जुलैमध्ये केंद्राने व्हिंटेज गाड्यांचे नियम आणले. नव्या नोंदणीला २० हजार रुपये शुल्क, मुदत १० वर्षं, नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं. पण ही सोय दुचाकींना आणि खासगी वापराच्या प्रवासी चारचाकींना आहे. मालवाहू ट्रक त्यात बसतच नाही. शिवाय पन्नास वर्षं मोजायची ती पहिल्या नोंदणीपासून, आणि चासी, बॉडी, इंजिन मूळचंच हवं. आमच्या गाडीच्या मागच्या फाळक्याचा आतला रंग खरवडल्यावर जुना नंबर दिसला, तो ८८ने सुरू होतो. एकाहत्तरची लढाई बंपरवरच्या नव्या रंगातच होती.

हेही विकणारे कधी सांगत नाहीत: केंद्रीय मोटार वाहन नियम १२१ प्रमाणे ऑलिव्ह ग्रीन रंग फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांना. तुम्ही कितीही प्रेमाने तो मूळ रंग चढवलात तरी आपल्या नावावरची गाडी त्या रंगात चालवता येत नाही.

आता चासी नंबर. आरटीओत ज्या पद्धतीने छाप घेतात तशी आम्ही घेतली. नंबरवर पातळ कागद धरला आणि पेन्सिल आडवी फिरवली. शेवटच्या आठाच्या पोटात आधीच्या तीनची पुसट कड उमटली. आजूबाजूचं लोखंड ग्राइंडरने घासून किंचित खोल गेलेलं हाताला लागत होतं. चासी नंबरच्या प्लेटचे रिव्हेट नवे कोरे. नंबर घासून दुसरा ठोकला आहे, असं फिटर म्हणाला. म्हणजे मूळ गाडी कुठली, कुणाची, चोरीची की काय, काहीच माहीत नाही.

यावर शिक्कामोर्तब झालं ते पुण्यातल्या नाना पेठेत. सुटे भाग विचारायला गेलो तर दुकानदार म्हणाले, ‘अहो, असाच कागद घेऊन साताऱ्याकडचे एक गृहस्थ येऊन गेले.’ त्यांच्यामार्फत त्या गृहस्थांना गाठलं. त्यांच्या दारातही वन टन, त्याच लॉटची झेरॉक्स, ‘जुने लोखंड विक्री’ हीच पावती. त्यांनी चासी नंबरचा फोटो पाठवला. तो आणि आमचा नंबर एकच आहे. एक नंबर, दोन ट्रक.

आम्ही एकटे चौकीत गेलो होतो तेव्हा ‘ही दिवाणी बाब आहे, कोर्टात जा’ असं ऐकून परत यावं लागलं होतं. दोन्ही फोटो शेजारी ठेवून दोघांनी मिळून लेखी अर्ज दिला तेव्हा बोलणं बदललं. भारतीय न्याय संहितेत फसवणुकीसाठी कलम ३१८ आहे, अर्जात ते लिहिलं, नंबर खोडल्याचं वेगळं लिहिलं, आणि अर्जाच्या प्रतीवर शिक्क्यानिशी पोच घेतली. पोच घेतल्याशिवाय निघू नका. टोकन ज्या खात्यावर गेलं त्याचा तपशील बँकेकडून लेखी काढून सोबत जोडला. तपास सुरू आहे. तोपर्यंत ट्रकला आम्ही हात लावत नाही, कारण तो आता पुरावा आहे.

अण्णांनी पैशांबद्दल एक शब्द काढला नाही. ते एवढंच म्हणाले की वन टनचं पुढचं हाउसिंग रिकामं करून विकणाऱ्याला सोडू नका. आम्ही सोडणार नाही.

तुमच्याकडे किंवा ओळखीत कुणाकडे पुणे परिसरातून घेतलेली वन टन, जोंगा किंवा शक्तिमान हा लष्करी ट्रक असेल आणि तिच्यासोबत फक्त लॉटची झेरॉक्स असेल, तर चासी नंबरची पेन्सिलछाप आजच घ्या, उजेडात जवळून फोटो काढा, आणि त्या जागेवर रंग, प्रायमर, ग्राइंडर काहीही लावू नका. घासलेला नंबर प्रयोगशाळेत रसायन लावून पुन्हा वर आणता येतो, पण तुम्हीच तो आणखी घासलात तर तेही हातचं जातं. लॉट किंवा नंबर तोच वाटत असेल तर आपल्या भागातल्या ठाण्यात अर्ज द्या आणि अशाच आणखी गाड्या विकल्या गेल्यात हे त्यात स्पष्ट लिहा. तिसरा अर्ज आला की ‘मी लोखंड विकलं’ हे त्याला कुणासमोरच सांगता येणार नाही.