घरी बनवलेल्या बॅटरीला यूएसबी पॉइंट द्यावा, की सेल काढून चार्ज करावा?

शेतीपंपाची लाइट रात्रीची असली की दारं धरायला अंधारातच जावं लागतं. त्यासाठी डोक्याला लावायची बॅटरी घरीच बनवणारे बरेच आहेत. एक १८६५० लिथियम सेल (लॅपटॉपच्या पॅकमध्ये असतो तसला गोल सेल), एलईडी, तिला योग्य करंट देणारा ड्रायव्हर आणि पीव्हीसी पाइपचा तुकडा, एवढ्यात काम भागतं. चार्जिंगचं कसं करायचं, हे मात्र डबी बंद करण्याआधीच ठरवावं लागतं.

यूएसबी पॉइंट द्यायचा तर बहुतेक जण टीपी४०५६ या चार्जिंग चिपचं मॉड्यूल, म्हणजे तयार छोटा बोर्ड, घेतात. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत ते अगदी स्वस्तात मिळतं. घेताना आउट प्लस आणि आउट मायनस असे वेगळे टोक असलेलंच घ्या. त्यात सेल जास्त रिकामा होऊ न देणारं आणि शॉर्ट झाल्यास तोडणारं संरक्षण असतं. नुसतं सेल जोडायचं बी प्लस, बी मायनस असलेल्यात ते नसतं.

माझी खरी काळजी उष्णतेची आहे. हे मॉड्यूल ५ व्होल्टमधला उरलेला दाब उष्णता करून टाकतं. सेल ३.७ व्होल्टला असताना १ अँपिअरने चार्ज केलं तर सव्वा वॉटहून जास्त उष्णता त्या चिमुकल्या चिपमध्ये तयार होते, आणि आपण ती बंद पाइपात, सेलला चिकटून बसवतो. त्यात सेलचं तापमान बघणारी पिन या मॉड्यूलवर बहुधा सरळ ग्राउंडला जोडलेली असते. म्हणजे सेल तापला तरी चार्जिंग थांबत नाही. ४५ अंशांच्या वर लिथियम सेल चार्ज करू नये, आणि विदर्भात मे महिन्यात दुपारची हवाच तेवढी तापते. उपाय सोपा आहे: बोर्डावर १२२ लिहिलेला बारीक रेझिस्टर काढून तिथे २ किलोओहमचा लावा. करंट १ अँपिअरवरून ५८० मिलीअँपिअरवर येतो. वेळ जवळपास दुप्पट लागतो, पण रात्रीचा वापर असेल तर सकाळी सावलीत लावून ठेवायला काय हरकत आहे?

चार्जिंग चालू असताना दिवा बंदच ठेवा. करंट ठरलेल्या मर्यादेच्या दहाव्या भागावर आला की चिप थांबते. दिवा तो करंट ओढत राहिला तर सेल भरलाय हे तिला कळतच नाही. टाइप-सी मॉड्यूल घेत असाल तर दोन्ही टोकं टाइप-सी असलेल्या केबलवर ते चालतं का, हे दुकानातच बघा. ५.१ किलोओहमचे दोन रेझिस्टर नसलेल्या मॉड्यूलला त्या केबलमधून वीजच मिळत नाही.

आता सेल काढून बाहेरच्या चार्जरमध्ये लावायचं. चार्जरचा खर्च जास्त, पण एकदाच. पाइपाला भोक नाही, त्यामुळे चिखल-पाणी आत जात नाही. प्रत्येक सेल वेगळा तपासला जातो आणि तापला तर हाताला लगेच कळतं. लॅपटॉपच्या जुन्या पॅकमधून काढलेले सेल असतील तर मी दुसरा विचारच करणार नाही, बाहेरच. सिरीजमध्ये दोन सेल असतील तरीही तेच, ८.४ व्होल्ट लागतात, टीपी४०५६ एकाच सेलसाठी आहे.

सुटा सेल हाताळण्यात मात्र खरा धोका आहे. त्याचं सगळं अंग मायनस असतं, अगदी प्लसच्या टोपीभोवतीची कडासुद्धा. वरचं प्लास्टिक तिथे फाटलं की शॉर्ट व्हायला सेल बसवायच्या होल्डरची पट्टी पुरते. खिशात किल्ल्यांबरोबर ठेवलेला सेल पेट घेऊ शकतो.

म्हणून वापरणारा कोण, हे आधी बघा. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना किंवा पोरांना द्यायची बॅटरी असेल तर नवा सेल, करंट कमी केलेलं मॉड्यूल आणि पॉइंटवर रबरी झाकण. सेल त्यांच्या हाती लागूच नये. स्वतः वापरणार असाल आणि दोन-तीन सेल आलटून पालटून लावणार असाल तर बाहेरचा चार्जर. होल्डर आणि मॉड्यूल दोन्ही ठेवता येतात, पण सेल उलटा बसला की मॉड्यूल जळतं. होल्डरवर प्लस-मायनस लाल-काळ्या रंगाने ठळक रंगवून घ्या.