लेशेन घडवायचा: कुंभाराची माती की एम-सील?

भाच्यानं विचारलं, "मामा, लेशेन बनवाचा आहे. माती आणू का एम-सील?" लेशेन म्हणजे 'विचर 3' गेममधला जंगलातला राक्षस: हरणाच्या कवटीचं डोकं, फांद्यांसारखी शिंगं, सालीसारखं अंग.

खर्चात मातीला तोड नाही. पोळ्याचे बैल घडवणाऱ्या कुंभाराकडून घमेलंभर माती जवळपास फुकटात मिळते. एम-सील म्हणजे गळती बुजवायची, दोन भाग एकत्र मळून वापरायची लांबी; तिची पाकिटं वीतभर मूर्तीलाही बरीच लागतात. आत तार आणि कागदाचा बोळा भरून वरून थर दिला तरच परवडतं.

खरा फरक बारीक कामात. ओलं फडकं टाकून माती चार दिवस मऊ ठेवता येते. चुकलं की पुसा. बाभळीच्या काट्यानं सालीच्या रेघा काय सुरेख उमटतात! पण सुकताना माती आकसते, आतली तार आकसत नाही. माझ्या राक्षसाची दोन्ही शिंगं तिसऱ्या दिवशी मुळाशी तडकली. एम-सील आकसत नाही, बारीक शिंगही धरून ठेवतं. घाई मात्र फार: दोन्ही भाग सारखे मळले की थोड्याच वेळात कडक होऊ लागतं, आपल्या मे महिन्यात तर आणखी लवकर. म्हणून सुपारीएवढाच गोळा मळायचा, तोही हातमोजे घालून.

कच्ची माती पाण्यात विरघळते, हे वेगळं सांगायला नको.

हात बसवायचा असेल, चेहरा दहादा मोडायचा असेल तर माती. कपाटात वर्षानुवर्षं ठेवायचा असेल तर एम-सील. भाच्यानं अजून एकही कवटी घडवलेली नाही. त्याला मी कुंभाराकडेच पाठवलं.