बदलापूर की टिटवाळा: घर घेण्याआधी काय बघाल?

मुंबईला रोज लोकलने जाणाऱ्यांनी आधी गाडी बघावी, मग सदनिका. दोन्हीकडून मुंबईसाठी लोकल सुटतात. मात्र कर्जत-कसाऱ्याहून भरून येणारी गाडी धरावी लागली तर सकाळी बसायला जागा विसरा. आपल्या वेळेला बदलापूर किंवा टिटवाळ्याहूनच सुटणारी गाडी आहे का, हे वेळापत्रकात तपासा. कल्याणपलीकडे मेल-एक्सप्रेसही त्याच रुळांवर धावतात, त्यामुळे एक गाडी रखडली की मागच्या सगळ्या रखडतात.

बाजारहाट, शाळा, दवाखाने यांत बदलापूर सरस. पण पश्चिमेला उल्हास नदी आहे. जुलै 2019 च्या पुरात महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर-वांगणीदरम्यान अडकली होती, म्हणून पश्चिमेच्या हेंद्रेपाड्याकडे घर स्वस्त दिसलं तरी पूररेषेचा नकाशा बघितल्याशिवाय टोकन देऊ नका. पार्किंगच्या खांबांवर पाण्याच्या खुणा असतात; रंग ताजा असेल तर शेजारच्या इमारतीत विचारा. पूर्वेला कात्रप, शिरगाव त्या मानाने निर्धास्त.

टिटवाळा शांत. मात्र अंगारकीला गणपतीच्या गर्दीत रिक्षा मिळणं मुश्कील, आणि काळू नदीकाठी पुराची चौकशी इथेही हवीच. हा भाग कल्याण-डोंबिवली महापालिकेत येतो. याच हद्दीत बनावट परवानग्यांवर महारेराची (गृहप्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाची) नोंदणी मिळवलेल्या 65 इमारतींचं प्रकरण गाजलं, म्हणून नुसत्या महारेरा क्रमांकावर विसंबू नका. बांधकाम परवानगीचा क्रमांक नगररचना विभागात जाऊन पडताळा. तयार घर असेल तर भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहायला योग्य असल्याचा पालिकेचा दाखला) मागाच.

लहान मुलं असतील तर बदलापूर पूर्वच घ्यावं.