फेडलेक्स : तीन भाषांना पूर्ण मान, चौथीला अर्धा

स्वित्झर्लंडचे संघीय कायदे फेडलेक्स या सरकारी संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. ते संघीय चॅन्सेलरी, म्हणजे केंद्र सरकारचे सचिवालय, चालवते. भाषिक समानता घटनेतून रोजच्या कामकाजात कितपत उतरली, याचा अंदाज इथे चांगला येतो.

जर्मन, फ्रेंच आणि इटालियन पाठ एकाच वेळी प्रसिद्ध होतात आणि तिन्ही सारखेच बंधनकारक असतात. त्यामुळे इटालियन पाठाला ‘नुसता अनुवाद’ म्हणून बाजूला सारता येत नाही. पाठांत तफावत निघाली, तर तिन्ही समोर ठेवून कायद्याचा हेतू शोधावा लागतो. (मसुदे बहुतांशी जर्मनमध्ये तयार होतात, हा भाग वेगळा.)

शोधताना हमखास फसायला होते ते संक्षेपांमुळे. करार आणि देण्याघेण्याची संहिता जर्मनमध्ये ‘ओआर’, फ्रेंच-इटालियनमध्ये ‘सीओ’. म्हणून संक्षेपाच्या नादी न लागता कायद्याचा क्रमांक टाकावा. तो सगळीकडे एकच. राज्यघटना १०१, नागरी संहिता २१०, ही संहिता २२०. हवे ते पान सापडले की पत्त्याच्या शेवटची भाषेची दोन अक्षरे बदलायची, तोच कायदा दुसऱ्या भाषेत उघडतो.

४४१.११ हा भाषा अध्यादेश जरूर उघडावा. कलम ७ मध्ये संघीय प्रशासनातल्या प्रतिनिधित्वाची उद्दिष्टे टक्क्यांत दिली आहेत : जर्मन ६८.५ ते ७०.५, फ्रेंच २१.५ ते २३.५, इटालियन ६.५ ते ८.५, आणि चौथी भाषा रोमान्श ०.५ ते १. समानतेच्या गप्पा मारणारे कायदे पुष्कळ असतात. आकडा लिहून स्वतःला मोजायला देणारे थोडे.

रोमान्शच्या बाबतीत मात्र हात आखडता. १९३८ पासून ती राष्ट्रभाषा आहे, पण घटनेच्या कलम ७० नुसार अधिकृत भाषा फक्त रोमान्श भाषकांशी होणाऱ्या व्यवहारापुरती. विशेष महत्त्वाचेच कायदे तिच्यात येतात, त्यामुळे बहुतेक कायद्यांना रोमान्शचा पर्यायच नसतो. राज्यघटनेसारखे मोजके कायदे आहेत, तेवढ्यावर समाधान मानायचे.

इंग्रजी पाठ बऱ्याच कायद्यांना आहे, वाचायला सोपाही आहे. पण इंग्रजी ही तिथली अधिकृत भाषा नाही आणि त्या पाठाला कायद्याचे बळ नाही. कायदा समजून घेण्यापुरता तो ठीक. करारात किंवा अर्जात कलम उद्धृत करायचे असेल, तर पाठावरची तारीख बघून तिन्हींपैकी एका अधिकृत भाषेतून घ्यावे.