वरच्या पाच डिस्क खऱ्या, खालच्या पंचेचाळीस खोट्या

दोन महिने झाले, खोट्या डीव्हीडींनी माझा बॅकअप बुडवला त्यावर लिहायला बसलो की राग यायचा आणि तसाच उठायचो. पण परवा एका मित्राने सहज विचारलं की हार्ड डिस्कची इमेज, म्हणजे अख्ख्या डिस्कची जशीच्या तशी नक्कल, डीव्हीडीवर टाकून ठेवतोय, चालेल ना, आणि हातातला नवा स्पिंडल, म्हणजे कोऱ्या डिस्कचा गठ्ठा, दाखवला तर तो हुबेहूब माझ्या स्पिंडलसारखा, तेच रॅपर, तोच रंग. म्हणून आज लिहूनच टाकतो.

माझी जुनी हार्ड डिस्क 120 जीबीची. त्यावर विंडोज, फोटो, सगळ्या कागदपत्रांचे स्कॅन आणि आईच्या आवाजातली 43 रेकॉर्डिंग, आई जायच्या आधीच्या दोन वर्षांतली. ती गेल्यावर मी ठरवलं की अख्ख्या डिस्कची इमेजच काढून ठेवायची म्हणजे काही राहायला नको. कॉम्प्रेस करून इमेज 72 जीबीची झाली. डीव्हीडीच्या पाकिटावर 4.7 जीबी लिहिलेलं असतं पण कॉम्प्युटर ते 4.38 मोजतो, त्यामुळे 17 डिस्क लागल्या, सतरावी अर्धीच भरली.

डिस्क मी ऑनलाइन मागवल्या होत्या, 50 चा स्पिंडल, नाव चांगल्या कंपनीचं, किंमत नेहमीपेक्षा बरीच कमी. मी विचारलं पण होतं की एवढ्या स्वस्त कशा, तर विक्रेता म्हणाला इंपोर्टचा लॉट आहे, शंभर टक्के ओरिजिनल, सीलपॅक, बघून घ्या. सील होतंच. मी पहिल्या तीन डिस्क बर्न करून व्हेरिफाय केल्या, म्हणजे लिहिलेलं परत वाचून ताडून बघितलं, तिन्ही पास झाल्या, मग वाटलं बाकीच्यांना कशाला वेळ घालवायचा, व्हेरिफायचा टिक काढला आणि उरलेल्या चौदा एका रात्रीत 16 एक्स स्पीडने मारल्या. प्रत्येक वेळी स्क्रीनवर सक्सेसफुल. घरी सगळ्यांना सांगितलं, आता काळजी नाही.

चौदा महिन्यांनी हार्ड डिस्क टकटक करायला लागली आणि दोन दिवसांत बंदच पडली. मी तरी निवांत होतो. रिस्टोअर सुरू केलं, सॉफ्टवेअरने आधी शेवटची डिस्क मागितली कारण फायलींची यादी शेवटी असते, ती झटकन वाचली गेली. मग एक, दोन, तीन, पाचपर्यंत सगळं सुरळीत. सहावीला ड्राइव्हचा आवाज बदलला. आधी एकसारखी घरघर, मग मोटर मंदावायची, परत वेग घ्यायची, परत मंदावायची, असं करत करत ती कशीबशी संपली. सातवी 88 टक्क्यांवर अडकली आणि सायक्लिक रिडंडन्सी चेकचा एरर, म्हणजे डेटा नीट वाचला जात नाही. परत घातली, पुसून घातली, दुसऱ्या कॉम्प्युटरमध्ये घातली, तिथेच. इमेज म्हणजे एकच मोठी फाइल तुकडे करून ठेवलेली, एक तुकडा नसला तर पुढचं रिस्टोअर होतच नाही. बाकीच्या डिस्क एकेक तपासल्या तर एकूण सात अडकल्या, आणि सगळ्या शेवटच्या भागात, बाहेरच्या कडेजवळ.

मग डिस्क हातात घेऊन बघितल्या, जे मी आधी करायला हवं होतं. डीव्हीडी आतून बाहेर लिहिली जाते, आणि हलक्या मालात डायचा, म्हणजे ज्या रंगावर डेटा लिहिला जातो त्याचा, थर कडेला नीट बसलेला नसतो, दोन चकत्या चिकटवलेल्या असतात तो डिंकही कडेला कमीजास्त असतो, म्हणून गाडी कडेला येऊन अडते. सतरावी वाचली गेली ती चांगली होती म्हणून नाही, अर्धीच भरली होती म्हणून. उजेडात तिरकी धरली तर पहिल्या पाच डिस्कची खालची बाजू सगळीकडे एकसारखी जांभळट आणि आतल्या पारदर्शक रिंगवर प्रत्येकीचा वेगळा सिरियल नंबर. सहाव्यापासून पुढे रंग फिकट, कडेला ढगाळ पट्टा, आणि रिंग कोरी. स्पिंडलमध्ये उरलेल्या 33 कोऱ्या डिस्क पण तशाच. म्हणजे वर पाच खऱ्या ठेवून खाली पंचेचाळीस खोट्या भरल्या होत्या, गिऱ्हाईक वरच्याच एकदोन तपासून बघतं हे त्यांना पक्कं माहीत आहे.

इमगबर्न नावाच्या डिस्क लिहायच्या सॉफ्टवेअरमध्ये डिस्क आयडी दिसतो, त्यात कारखान्याचा कोड असतो, लोक सांगतात तो बघून घ्या. मी बघितला, खऱ्या आणि खोट्या दोन्हींचा कोड एकच! कोड सुद्धा चोरतात, त्यामुळे नुसत्या कोडवर विसंबू नका.

विक्रेत्याला फोटो पाठवले तर म्हणे तुमचा ड्राइव्ह खराब असेल, आणि रिटर्नची मुदत सात दिवसांची होती. पुढच्या मेसेजला उत्तर नाही. पैशाचं सोडा हो, ज्याच्या आयुष्यभराच्या गोष्टी त्या डिस्कवर आहेत त्याला हा माल विकताना या माणसांना काहीच वाटत नाही का.

डीडीरेस्क्यू या खराब डिस्कवरून डेटा काढायच्या सॉफ्टवेअरने बरंच परत मिळालं. काय वाचलं आणि काय राहिलं याची नोंद असलेली त्याची मॅप फाइल ठेवली तर न वाचलेले सेक्टरच, म्हणजे डिस्कचे तेवढेच छोटे भाग, परत परत वाचतो, आणि तीच मॅप फाइल वापरून डिस्क दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घातली तर पहिल्याला न जमलेलं तो कधीकधी वाचतो. सातवी डिस्क अशी चार रात्री चालली आणि पूर्ण आली. सातपैकी पाच आल्या, दोन नाही आल्या. इमेज रिस्टोअर झालीच नाही पण आत जाऊन एकेक फाइल ओढून काढता आली. 43 पैकी 29 रेकॉर्डिंग मिळाली.

आता मी काय करतो ते सांगतो. स्पिंडल आला की मधली आणि तळाची डिस्क काढून आधी त्या बर्न करतो, नंतर वरची. 16 एक्सच्या डिस्क 8 एक्सला लिहितो. डिस्क काठोकाठ भरत नाही, 4 जीबीच्या आत तुकडे करतो म्हणजे कड रिकामी राहते. वेगळ्या जास्तीच्या डिस्कवर पार2 च्या, म्हणजे दुरुस्तीसाठीच्या, फायली टाकतो, त्यावरून एखादा तुटलेला तुकडा परत बनवता येतो. व्हेरिफाय प्रत्येक डिस्कचं, आणि बर्न केलं त्या ड्राइव्हवर नाही तर दुसऱ्यावर, शिवाय सहा महिन्यांनी परत, कारण खोटी डिस्क पहिल्या दिवशी पास होऊ शकते, डाय नंतर उतरतो. प्रत्येक तुकड्याचा शा-256 हॅश, म्हणजे फाइल बदलली तर लगेच बदलणारा तिचा ओळख-आकडा, वहीत लिहून ठेवलाय. दुसरा संच वेगळ्या कंपनीच्या डिस्कवर. आणि सगळ्यात महत्त्वाचं, जे परत मिळणार नाही ते फक्त इमेजमध्ये कोंबून ठेवू नका, साध्या सुट्या फायली म्हणून पण कॉपी करा, एक डिस्क गेली तर त्या डिस्कपुरतंच जातं.

मित्राच्या स्पिंडलमधल्या तळाच्या तीन डिस्क काल आम्ही काढून बघितल्या, तिन्हींची रिंग कोरी. त्याची मुदत अजून दोन दिवस आहे, आज परत पाठवतोय. ज्यांनी गेल्या वर्षा-दीड वर्षात स्वस्तातला स्पिंडल घेऊन बॅकअप मारलाय त्यांनी मूळ हार्ड डिस्क चालू आहे तोवर सगळ्या डिस्क एकदा शेवटपर्यंत वाचून बघा.