बंकआर्ट १, तिराना: होजाचा बंकर बघायला जावं का? (मोठा रिव्ह्यू आहे, चहा घेऊन बसा)

तिरानात, म्हणजे अल्बानियाच्या राजधानीत, एकच म्युझियम बघायला वेळ असेल तर हेच बघा. पण जाताना दोन गोष्टी बरोबर हव्यात, एक स्वेटर आणि दुसरी म्हणजे अल्बानियाचा कम्युनिस्ट हुकूमशहा एन्व्हर होजा कोण होता याची थोडीफार माहिती. स्वेटर यासाठी की बाहेर ऊन भाजून काढत असलं तरी डोंगराच्या पोटात कायम गार आणि ओलसर असतं, आणि माहिती यासाठी की आत वाचायला इतकं आहे की आधी काहीच माहीत नसेल तर पहिल्या दहा खोल्यांतच डोकं भरून जातं आणि मग पुढच्या खऱ्या भारी खोल्या नुसत्या फोटो काढत संपतात.

जागा शहराच्या कडेला, दाय्ती डोंगराच्या पायथ्याशी आहे. आधी एक लांबच लांब बोगदा लागतो, तो चालून गेलं की मग बंकर. पाच मजले, १०६ खोल्या, मधे एक अख्खं सभागृह, आणि हे सगळं ७० च्या दशकात अणुयुद्ध झालंच तर होजा आणि त्याच्या सरकारला लपायला बांधलेलं. युद्ध काही झालं नाही. २०१४ ला हे लोकांसाठी म्युझियम म्हणून उघडलं.

आता हा माणूस. १९०८ ला ग्यिरोकास्तर गावात जन्म, कोर्चा शहरातल्या फ्रेंच शाळेत शिक्षण, मग सरकारी स्कॉलरशिपवर फ्रान्समधे माँपेलिएला गेला आणि डिग्री न घेताच परत आला. कोर्चात मास्तरकी केली. १९३९ च्या एप्रिलमधे इटलीने अल्बानिया गिळला, राजा झोग पळाला, आणि होजा तिरानात एक तंबाखूचं दुकान चालवायला लागला, जिथे सिगरेटीच्या आडून भूमिगत लोकांच्या गाठीभेटी व्हायच्या. नोव्हेंबर १९४१ मधे युगोस्लाव्ह कॉम्रेड्सच्या मदतीने अल्बानियाचा कम्युनिस्ट पक्ष स्थापन झाला आणि हा मास्तर त्याचा नेता झाला. आधी इटालियन, मग जर्मन, त्यांच्याशी लढता लढता देशातले इतर गट पण बाजूला सारले, आणि १९४४ च्या नोव्हेंबरमधे तिराना हातात. तिथून मरेपर्यंत म्हणजे एप्रिल १९८५ पर्यंत खुर्ची सोडली नाही. चाळीस वर्षं!

म्युझियमच्या सुरुवातीच्या खोल्यांत हा युद्धाचा काळच जास्त आहे, गणवेश, बंदुका, जुने फोटो, नकाशे. ज्यांना लष्करी इतिहास आवडतो ते इथे रमतील, मी भराभर पुढे गेले.

मग येतात खास लोकांच्या खोल्या. होजासाठी राखलेली खोली लाकडी पॅनेलची, ऑफिस, झोपायची सोय, बाथरूम. त्या काळच्या हिशोबाने थाट आहे पण बघताना वाटतं की अख्ख्या देशाला चाळीस वर्षं मुठीत ठेवणाऱ्या माणसाला शेवटी इतकीच जागा हवी होती का. पंतप्रधान मेहमेत शेहूसाठीही खोली होती. हा शेहू होजाचा उजवा हात, लढाईपासूनचा जोडीदार, आणि १९८१ च्या डिसेंबरमधे मेलेला सापडला, सरकारी सांगणं आत्महत्या, आणि नंतर होजाने जाहीर केलं की हा तर एकाच वेळी बऱ्याच परदेशी गुप्तहेर संस्थांचा एजंट होता. म्हणजे २७ वर्षं देशाचा पंतप्रधान हेर होता आणि कोणाला कळलं नाही, असं लोकांनी मानायचं. त्या खोलीत जरा थांबा, घाईत पुढे जाऊ नका.

माझ्यासाठी सगळ्यात भारी भाग म्हणजे सामान्य लोकांचं जगणं दाखवणाऱ्या खोल्या. घरातली बैठकीची खोली, शाळेचा वर्ग, दुकानात काय मिळायचं वगैरे. इथे होजाने देश पुढे कसा ढकलला तेही दिसतं आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. युद्धाआधी ८० टक्क्यांच्या आसपास लोकांना लिहिता वाचता येत नव्हतं, ती निरक्षरता मोडून काढली. साधी रेल्वे नव्हती, ती १९४७ पासून टाकली. तिरानात १९५७ ला देशातलं पहिलं विद्यापीठ. १९७० पर्यंत गावागावात वीज. बायका शाळेत, कारखान्यात, ऑफिसात आल्या. हे सगळं जुन्या सरंजामी देशात एका पिढीत झालं.

पण हे झालं कसं ते बघा ना. रेल्वे टाकायला तरुणांच्या "स्वयंसेवक" ब्रिगेडी, ज्यात नाही म्हणायची सोय कोणाला? कोर्चाजवळ मालिकची दलदल कोरडी करायचं काम निघालं, उशीर झाला, लगेच इंजिनिअर लोकांवर घातपाताचा खटला आणि १९४६ मधेच त्यातल्या काहींना मृत्युदंड. आधी जमीनदारांच्या जमिनी काढून शेतकऱ्यांना दिल्या, लोक खूश, आणि मग हळूहळू त्याच जमिनी सहकारी शेतीत परत घेतल्या, डोंगराळ भागासकट १९६७ पर्यंत काम पूर्ण. ८० च्या दशकात तर घरची गाय बकरी पण ठेवू देईनात, मग दूध मांस कुठून मिळणार, रांगाच रांगा. खाजगी गाडी नाही. १९६७ ला तर देवच बंद केला, मशिदी, चर्च सगळं मिळून दोन हजारांवर प्रार्थनास्थळं बंद, श्कोदरच्या कॅथेड्रलचं स्पोर्ट्स हॉल केलं. मूळच्या अल्बेनियन मदर तेरेसांची आई आणि बहीण तिरानात राहायच्या, त्यांना बाहेर जाऊ दिलं नाही आणि मदरना आत येऊ दिलं नाही, १९७२ ला आई गेली ती भेट न होताच. हे आठवलं की त्या विजेच्या दिव्यांचं कौतुक घशात अडकतं.

त्या बैठकीच्या खोलीत टीव्ही बघून मला एक आठवलं. लोक चोरून इटलीचे चॅनल बघायचे, सिग्नल पकडायला टिनच्या डब्यातून जुगाड करायचे, आणि पकडले गेले तर शिक्षा. म्हणजे समुद्रापलीकडे जग चालू आहे हे लोकांना माहीत होतं, फक्त बोलायचं नाही.

आता बंकर आले कुठून हा प्रश्न. होजा एकेकाशी भांडत गेला. १९४८ ला टिटोच्या युगोस्लाव्हियाशी तोडलं, १९६१ ला सोव्हिएतशी, कारण सोव्हिएत नेता ख्रुश्चेव्हने आपल्या आधीच्या स्टालिनला शिव्या घातल्या हे याला सहन झालं नाही. मग चीनने पैसा, मशिनरी, तज्ज्ञ दिले, एल्बासानचा पोलादाचा कारखाना त्यातलाच. १९७८ ला चीननेही हात काढून घेतला. त्याआधीच १९७६ च्या राज्यघटनेत परदेशी कर्ज घ्यायलाच बंदी लिहून ठेवली होती. एकेक मित्र तुटत गेला आणि चहूबाजूंनी शत्रू दिसायला लागले, म्हणून देशभर शेतात, बीचवर, डोंगरावर, अगदी कबरस्तानाजवळ सुद्धा काँक्रीटच्या मशरूमसारख्या छत्र्या उगवल्या. लाखांच्या घरात बांधायचा बेत होता, प्रत्यक्षात किती झाल्या त्यावर वाद आहे, पण तीस लाखाच्या आतल्या लोकसंख्येच्या देशात तेवढं सिमेंट आणि लोखंड गेलं आणि माणसं दोन खोल्यांत तीन पिढ्या राहत होती. डिझाइन करणारा इंजिनिअर योसिफ झागाली, त्यालाही नंतर तुरुंगात टाकलं. एकदम होजा स्टाईल.

म्युझियमच्या मांडणीबद्दल माझं मत: जाड पोलादी दारं, हवा शुद्ध करायची यंत्रं, लांब कॉरिडॉर, हे जसंच्या तसं ठेवलंय ते एक नंबर. मधेमधे आधुनिक कलेचे नमुने लावलेत, त्यातले काही आवडले, काही बघून वाटलं की ही खोली रिकामी ठेवली असती तरी पुरेशी बोलली असती. सभागृहात अजून कार्यक्रम होतात. पाट्या अल्बेनियन आणि इंग्रजीत आहेत, अक्षर बारीक आहे, चष्मा विसरू नका.

एक गोष्ट मात्र कमी वाटली. सिगुरिमी म्हणजे गुप्त पोलीस, स्पाचच्या खाणीतला कैद्यांचा तुरुंग, तेपेलेनाची छावणी जिथे राजकीय विरोधकांच्या बायकापोरांना कोंडलं, याचा आवाका फक्त इथे बघून कळत नाही. त्यासाठी शहराच्या मधोमध असलेलं बंकआर्ट २ बघा, ते गृहखात्याच्या बंकरमधे आहे आणि पोलीस, छळ, पाळत यावरच आहे. आणि शक्य असेल तर पाळतीचं म्युझियम असलेलं "पानांचं घर" पण. पण तिन्ही एका दिवशी नको, जड जातं.

प्रॅक्टिकल: सेंटरवरून सिटी बस येते, टॅक्सी करायची तर आधी भाव ठरवून बसा. थोडे लेक (अल्बानियाचं चलन) रोख जवळ ठेवा. निदान अडीच तीन तास हातात ठेवा. ज्यांना बंद जागेची भीती वाटते त्यांनी विचार करूनच यावं, खाली गेल्यावर कॉरिडॉर संपतच नाहीत आणि मोबाईलला रेंज नसते. लहान मुलांना बोअर होईल, शाळेच्या मुलांना चालेल. बाहेर आल्यावर दाय्तीचा रोपवे जवळच आहे, वर जाऊन जेवायची सोय आहे. आणि संध्याकाळी ब्लोकूत कॉफी प्या, नेते मंडळींचा हा भाग एकेकाळी साध्या माणसाला बंद होता, होजाचा बंगला अजून तिथेच आहे आणि आजूबाजूला आता कॅफेच कॅफे. पाचपैकी साडेचार, अर्धा त्या बारीक अक्षरांचा कापला.