सरत्या वर्षाची उजळणी घरात कधी करावी आणि कशी: बैठक, बरणी की वही?

माझी मामेबहीण कोथरूडला राहते. गेल्या रविवारी आली तेव्हा म्हणाली, "ताई, तुमच्याकडे दिवाळीत त्या वर्षभराच्या चिठ्ठ्या वाचता ना, तसं आम्हालाही सुरू करायचंय. कधी करायचं आणि कसं, तेवढं सांग." चहा संपेपर्यंत सांगून झालं नाही. आमच्या घरी ही प्रथा रुळायला नऊ वर्षं लागली, दिवसही बदलले आणि पद्धतीही. तिच्यासारखाच विचार करणाऱ्यांसाठी सविस्तर लिहिते.

आधी दिवस ठरवा. पद्धत चुकली तर पुढच्या वर्षी बदलता येते, पण दिवस चुकला तर माणसंच जमत नाहीत.

31 डिसेंबर सगळ्यांत सोपा वाटतो, आम्हीही तिथूनच सुरुवात केली. पण पुण्यात त्या रात्री तरुण मुलं फर्ग्युसन रस्त्याला नाहीतर कॅम्पात जायला निघालेली असतात आणि सासूबाईंचे डोळे साडेनऊला मिटायला लागतात. मग 1 जानेवारीची सकाळ धरून पाहिली. माझी नणंद वाघोलीला राहते. त्या दिवशी पेरणे फाट्याच्या जयस्तंभाला अभिवादन करायला लाखो लोक येतात, नगर रस्त्यावरची वाहतूक वळवलेली असते, त्यामुळे तिला येणं जमेना. घरात नवरा-बायको आणि लहान मुलं एवढीच असाल, तर मात्र 31 ची संध्याकाळ जेवणाआधी धरा, छान होते.

गुढीपाडवा माझ्या मनाला सर्वांत जवळचा. कडुलिंबाची कोवळी पानं, गूळ, ओवा, हिंग, मीठ वाटून केलेली गोळी हातावर पडली की प्रत्येकाने वर्षातली एक कडू आणि एक गोड गोष्ट सांगायची. पाच मिनिटांत होतं आणि कुणाला वेगळं बसवावं लागत नाही. अडचण तारखेची. 2024 साली पाडवा 9 एप्रिलला होता, 2025 साली 30 मार्चला, 2026 साली 19 मार्चला. म्हणजे मुलांच्या परीक्षा आणि मोठ्यांचा मार्च एंड. आमचे हे हिशेबाच्या कामात, त्यांना त्या दिवसांत रात्री दहाच्या आत घर दिसत नाही. गोळीपुरतं सगळे थांबतात, त्याहून जास्त कुणी थांबत नाही.

आम्ही शेवटी दिवाळी पाडव्याची दुपार धरली. शाळा-कॉलेजला सुट्टी असते, बाहेरगावी शिकणारी मुलं घरी असतात. पहाट सारसबागेतल्या दिव्यांत जाते, संध्याकाळ औक्षणात, मधली दुपार रिकामी मिळते. व्यापारी मंडळी याच दिवसांत जुना हिशेब मिटवून नव्या वहीची पूजा करतात, तेव्हा वर्ष मोजायलाही हा दिवस शोभतो. एक वर्ष भाऊबीज धरून पाहिली होती. पण त्या दिवशी नणंद इकडे येते आणि मी माहेरी जाते, त्यामुळे भाऊबीजेला आमचं घर कधीच पूर्ण भरत नाही. ज्या घरी सून आणि लेक दोघी हव्यात, त्यांनी हे आधी ध्यानात घ्यावं. आता नणंद पाडव्याच्या आदल्या रात्रीच मुक्कामाला येते.

दिवाळीची एक अडचण सांगायलाच हवी. घरात कुणी गेलं असेल, तर पहिलं वर्षभर सण करत नाहीत. आमचे नाना, म्हणजे माझे सासरे गेले, त्या दिवाळीत घरात फराळ झाला नाही, शेजाऱ्यांनीच डबे आणून दिले. पण मागं वळून बघायची गरज त्या वर्षी सर्वांत जास्त होती.

आता पद्धत. आमची पहिली तीन वर्षं नुसत्या बैठकीची. गोल बसायचं, एकेकाने बोलायचं. खर्च नाही, तयारी नाही. मात्र बोलके बोलत राहतात. माझा मुलगा तेव्हा बारा वर्षांचा होता. तिन्ही वर्षं त्याने "छान होतं वर्ष" एवढंच म्हटलं. शाळेत त्याला त्रास होत होता हे मला नंतर, दुसरीकडून कळलं. याची रुखरुख मला अजून आहे. शिवाय नुसत्या आठवणीवर गेलं, की मागचे दोन महिनेच आठवतात आणि फेब्रुवारी-मार्च पुसून जातात.

म्हणून बरणी आणली. लोणच्याची जुनी काचेची बरणी, शेजारी कागदाचे तुकडे आणि पेन. मनात आलं की लिहायचं, तारीख घालायची, घडी करून टाकायचं. नाव घालायची सक्ती नाही. मुलगा पहिल्या वर्षी अकरा चिठ्ठ्या लिहून गेला. सासूबाईंचा हात कापतो, त्या सांगतात आणि नात लिहिते, आणि त्या निमित्ताने दोघींचं जे बोलणं होतं ते चिठ्ठीत मावत नाही. नाना गेल्यावर त्या पाडव्याला बरणी उघडायची की नाही, यावर आमचं एकमत होईना. सासूबाईंनीच ती पुढे ओढली. नानांच्या अक्षरातली चिठ्ठी निघाली: "आज पर्वती. 103 पायऱ्या. मध्ये बसलो नाही." फेब्रुवारीची तारीख होती. त्या दिवशी ते घरी येऊन काही बोलले नव्हते. नुसत्या बैठकीवर राहिलो असतो, तर ही गोष्ट आम्हाला कधीच कळली नसती.

बरणीसाठी दोन सूचना. साधं बॉलपेन ठेवा, जेलपेनची शाई ओल लागली की पसरते. आणि तिकिटं किंवा बिलं टाकणार असाल तर तो गुळगुळीत कागद तपासा. मशीनमधून निघणारी बहुतेक बिलं उष्णतेने उमटलेली असतात, वर्षा-दोन वर्षांत कोरी होतात. त्यावरचा मजकूर मागच्या बाजूला पेनने लिहून ठेवा.

वही ही तिसरी वाट. अप्पा बळवंत चौकातून जाड पुठ्ठ्याची, शिवलेल्या बांधणीची वही घ्यायची आणि प्रत्येकाने वर्षाला एक पान लिहायचं. टिकायला उत्तम, दहा वर्षं एका हातात येतात. पण कोरं पान समोर आलं की माणूस निबंध लिहायला लागतो आणि आपलं पान सगळे वाचणार हे ठाऊक असल्याने खरं ते गाळतो. निव्वळ वही मी कुणाला सुचवणार नाही.

फोनवर आवाज टिपून ठेवणं लिहिता न येणाऱ्यांसाठी फार मोलाचं, फक्त ते फोनमध्येच राहू देऊ नका, दुसरीकडे एक प्रत काढा.

बहिणीला मी हेच सांगितलं. तिच्याकडे सासरे कमी बोलतात आणि मुलगी नववीत आहे, म्हणून बरणी. घरात सगळेच मोकळे बोलणारे असते, तर बैठक पुरली असती. वाचताना एकेकाने एकच चिठ्ठी उचलायची आणि शक्यतो दुसऱ्याची. कुणाला एखादी मोठ्याने वाचायची नसेल, तर ती विचारणा न करता परत घडी घालायची. हा नियम आमच्याकडे मुलाने घातला आणि तो आजवर कुणी मोडलेला नाही. वाचून झाल्यावर चिठ्ठ्या वर्ष लिहिलेल्या पाकिटात जातात आणि वहीत त्या वर्षाच्या फक्त पाच ओळी, त्याही दरवर्षी वेगळ्या माणसाच्या हातच्या.

तिने विचारलं, दिवाळीपर्यंत थांबू का? मी स्वयंपाकघरातली एक रिकामी बरणी धुऊन पुसून तिच्या पिशवीत ठेवली.